द्राक्षाची पेटी आणि मजुराचा सदरा

खामगावच्या बाजारात कापूस पारखावयास डोळा व बोटे पुरतात. पण त्या कापसावर फवारलेले औषध कोठे किती उरले, हे बोटांना कळत नाही.

१९५२ साली जेम्स व मार्टिन या इंग्रज शास्त्रज्ञांनी गॅस क्रोमॅटोग्राफीची रीत सिद्ध केली. पदार्थाची वाफ करून ती वायूच्या झोताने लांब नळीतून हाकावयाची. नळीतील लेपाला जो घटक अधिक चिकटतो तो मागे रेंगाळतो. बाकीचे पुढे निघतात. १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेत गोल्के व मॅक्लाफर्टी यांनी नळीच्या तोंडाशी मास स्पेक्ट्रोमीटर जोडला. तो रेणूचे तुकडे तोलून मूळ रेणू ओळखतो. पुढे नळी अधिक लांब व केसासारखी बारीक झाली, तासाचे काम मिनिटांवर आले. आज हजार किलो मालातील एक मिलिग्रॅम विषही लपत नाही.

हे यंत्र आमच्याकडे मजुरासाठी आले नाही. २००३ साली युरोपात महाराष्ट्राच्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडले, माल अडला. मग पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रामार्फत तपासणीची व्यवस्था लागली. ती हवीच होती, बागायतदार वाचला. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आमच्या बुलढाण्यातही पीक तेच, पाठीवरचा पंप तोच. म्हणून आम्ही सभांतून विचारतो, पेटीची तपासणी होते, मग सदऱ्याची का नाही? कापडाचा तुकडा द्रावकात भिजवून अर्क काढावा. पुढचे काम ती नळीच करते.