एकवीस अंकी संख्या आणि एक न बोललेलं भाषण

आपल्या गटाच्या वहीत हजारांचे, लाखांचे आकडे असतात. आज एका एकवीस अंकी संख्येचा इतिहास ऐकूया.

एक रुपया घ्या. तो दुप्पट करा, आलेली रक्कम पुन्हा दुप्पट करा. असं 67 वेळा करा आणि शेवटी एक रुपया कमी करा. उरतात 14,75,73,95,25,89,67,64,12,927.

1644 मध्ये पॅरिसचे धर्मगुरू आणि गणिती मारँ मर्सेन यांनी अशा काही संख्यांची यादी छापली. या मूळ संख्या आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मूळ संख्या म्हणजे 7, 13, 31 यांसारखी, जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही. आपली संख्या त्या यादीत होती. मर्सेन मोठे विद्वान, आणि एवढी संख्या तपासणं अवघड. दोनशे वर्षांहून जास्त काळ ती यादीत तशीच राहिली.

1876 मध्ये फ्रान्सच्याच एदुआर ल्युका यांनी दाखवलं की ही संख्या मूळ नाही. पण तिला कशाने भाग जातो, ते मात्र सापडलं नाही. पेटीतली रक्कम वहीशी जुळत नाही हे कळावं, पण चूक कोणत्या पानावर आहे ते कळू नये, तसं झालं.

ते पान सापडलं 1903 मध्ये. न्यूयॉर्कमधल्या अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. असं सांगतात, की त्यांनी एका बाजूला ही संख्या मांडली आणि दुसऱ्या बाजूला 19,37,07,721 गुणिले 7,61,83,82,57,287 हा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं एकच आली. एक शब्दही न बोलता ते जागेवर बसले आणि सभेने टाळ्या वाजवल्या. हे दोन आकडे शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले, असंही सांगतात.

शोधायला वर्षं लागली, पण पडताळायला गुणाकार पुरतो. आपण त्याची झटपट परीक्षा घेऊ. प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करा. पहिलीची 37, मग 10, मग 1. दुसरीची 64, मग 10, मग 1. एक गुणिले एक म्हणजे 1. आता मोठ्या संख्येची: 109, मग 10, मग 1. जुळलं!

या परीक्षेत जुळलं नाही, तर हिशेबात चूक नक्की आहे. जुळलं तरी निर्धास्त राहू नका, कारण 54 च्या जागी 45 लिहिलं तर ही परीक्षा ते पकडत नाही.

मैत्रिणींनो, सांगणारा कितीही मोठा असो, आकडा तपासायचा हक्क प्रत्येकीला आहे. कर्जाच्या कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी ताईंना नाहीतर साहेबांना एवढं जरूर म्हणा, "हिशेब मांडून दाखवा." त्यात कुणाचा अपमान नाही. कोल यांनीही भर सभेत तेच केलं.