मूतखड्याची वाट

१७८२ सालचं लखनौ. नवाबाच्या दरबारात वजन असलेला क्लॉड मार्टिन हा फ्रेंच माणूस मूत्राशयातल्या खड्यानं बेजार झाला होता. शेवटी त्यानं एक पोलादी तार घेतली, तिच्या टोकाला कानशीसारखे दाते पाडले आणि ती मूत्रमार्गातून आत सरकवून स्वतःच खडा घासायला सुरुवात केली. दिवसातून अनेकदा, कित्येक महिने. चुरा लघवीवाटे पडत गेला आणि त्याला आराम पडला. लखनौ आणि कोलकात्यातल्या ला मार्टिनियर शाळा पुढे याच माणसाच्या पैशांतून उभ्या राहिल्या.

वाचूनच अंगावर काटा येतो. पण त्याच्यापुढचा दुसरा पर्याय काय होता? चाकू. तोही भूल न देता, आणि जंतू म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या काळात.

हा पेच सुश्रुतसंहितेनं फार पूर्वीच मांडून ठेवला होता. काही केलं नाही तर मरण नक्की, शस्त्र चालवलं तर जगण्याची खात्री नाही. म्हणून आधी राजाची परवानगी घ्यावी, असं तिथं वैद्याला बजावलं आहे. रोग ओळखायचा तो लक्षणांवरून: बेंबीखाली कळा, अडखळणारी, फाटणारी धार. मग गुदद्वारातून दोन बोटं घालून खडा चाचपायचा. खडा मूत्रमार्गातच अडकला असेल, तर तो त्याच वाटेनं काढावा. नाहीच निघाला तर मार्गाला छेद देऊन आकड्यानं ओढावा. म्हणजे आधी वाट, मग शस्त्र.

मूत्राशयातल्या मोठ्या खड्याला मात्र ती अरुंद वाट पुरत नव्हती. युरोपातले शल्यविशारद मूत्रमार्गातून धातूची सळई घालत. ती खड्यावर आपटून ‘टक्’ वाजली की निदान पक्कं, आणि मग कापाकापी अटळ.

१३ जानेवारी १८२४ रोजी पॅरिसच्या नेकर रुग्णालयात झाँ सिव्हियाल यांनी मूत्रमार्गातून उपकरण आत नेलं, खडा चिमटीत धरला आणि आतल्या आत फोडला. कुठेही छेद नाही. टीका झाली, तेव्हा सिव्हियाल यांनी वाद घालण्याबरोबरच हिशेबही मांडला. दोन्ही पद्धतींचे रुग्ण आणि मृत्यू मोजले: कापलेल्यांपैकी शंभरात सुमारे १९ दगावले होते, खडा फोडून घेतलेल्यांपैकी सुमारे दोन. वैद्यकात आकड्यांनी निकाल लावण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक.

आज सळईच्या आवाजाची गरज उरलेली नाही. सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि दुर्बीण खडा दाखवतात. मूत्रमार्गाच्या तोंडाजवळचा खडा बहुधा तिथूनच काढतात. मागे अडकलेला हळूच मूत्राशयात ढकलून लेझरनं फोडतात. जबरदस्ती मात्र करायची नाही, कारण मार्गाला इजा झाली तर तो पुढे आकसतो.

लक्षणं मात्र सुश्रुतानं सांगितली तीच आहेत. आणि आज उशीर होतो तो बहुतेकदा संकोचापायी. मार्टिनपाशी चांगला इलाज नव्हता, लाजायला वेळही नव्हता. आपल्यापाशी इलाज आहे. लघवी पूर्ण अडली, तर त्याच तासाला दवाखाना गाठावा.