रत्नागिरी, गिरणगांव आणि राजयक्ष्मा

राजयक्ष्मा आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. साहस, वेगसंधारण, क्षय व विषमाशन अशीं त्याचीं चार कारणें चरकसंहितेंत सांगितलीं आहेत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत तर शोषाची गणना माणसापासून माणसास जडणाऱ्या रोगांत केली असून निःश्वास, सहभोजन व एकशय्या हीं संसर्गाचीं द्वारें म्हणून दिलीं आहेत. रॉबर्ट कॉख यानें २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें क्षयजंतूचा शोध जाहीर केला, तेव्हां या रोगाचें बीज दृष्टीस पडलें.

हीं द्वारें मुंबईच्या गिरणगांवांत कशीं उघडीं राहिलीं, हें रत्नागिरीकरांनीं विशेषेंकरून पाहण्यासारखें आहे. १९२१ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती पावणेबारा लाख होती; पैकीं दोन लाखांहून अधिक माणसें रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेलीं होतीं. (हल्लींचा सिंधुदुर्ग तेव्हां याच जिल्ह्यांत मोडे, तो १९८१ सालीं निराळा झाला.) परळ, लालबाग, नायगांव, डिलाईल रोड येथील चाळींत एकेका खोलींत अनेक गांवकरी राहत. एक पाळीवर निघाला कीं दुसरा त्याच्याच जागेवर अंग टाकी. पावसाळ्यांत दारें-खिडक्या बंद. एकाच्या खोकल्यांतून उडालेले सूक्ष्म तुषार त्या कोंदट हवेंत तरंगत राहत. शक्तीबाहेरचे श्रम व अवेळीं जेवण यांची भर होतीच. एकाच शहरांत मलबार टेकडीवर एक प्रमाण व परळांत दुसरें, याचें कारण जातिकुलांत नसून ऊन, वारा व अन्न यांत शोधिलें पाहिजे.

परंतु गिरणगांवाची सीमा परळास संपत नव्हती. काम होईनासें झालें कीं दुखणाईत बोटीनें हर्णै, जयगड, रत्नागिरी वा मालवण गांठी. मुंबईच्या चाळीचें रुग्णालय म्हणजे कोंकणांतील घराचें माजघर, आणि परिचारिका म्हणजे आई व बायको. हा जंतु शरीरांत वर्षानुवर्षें सुप्त राहूं शकतो. म्हणून मुंबईंत जडलेला रोग गांवीं प्रकट होई आणि शुश्रूषा करणाऱ्यांसच गांठी. असा मनुष्य गांवीं वारला म्हणजे त्याची नोंद गांवच्या दप्तरांत होई. सबब मुंबईचीं मृत्युपत्रकें एकटीं वाचून गिरणगांवाची हानि मोजणारा अभ्यासक ती कमीच मोजील. दोन्हीकडचीं दप्तरें जोडून वाचलीं पाहिजेत.

१९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें आणि आज हा रोग बरा होतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्याही क्रमानें बंद पडल्या. तथापि गोवंडी-मानखुर्दकडील दाटीवाटीच्या पुनर्वसन-इमारतींच्या २०१८ सालच्या पाहणींत क्षयाचा संबंध पुन्हां ऊन-वाऱ्याच्या अभावाशींच जोडला गेला. स्थळ बदललें, कारण राहिलें.

आमच्या संग्राहक मित्रांस विनंती एवढीच कीं, सनदा व महजर यांच्या बरोबरीनें गिरणीकामगाराचें पोस्टकार्ड, मनिऑर्डरीची पावती, गांवकऱ्यांच्या खोलीची वर्गणीवही हींही रुमालांत बांधून ठेवावीं. ‘प्रकृति बरी नाहीं, गांवीं येतों’ अशा धर्तीची एक ओळ व तिच्यावरील तारीख हा या इतिहासाचा अस्सल कागद होय. आणि असे कागद वाळवीच्या तोंडीं जात आहेत.