नेकारवरची मोटारबोट: स्टुटगार्ट आणि खासगी जलसफरीचा इतिहास

सकाळी चार-सहा जणांनी छोट्या बोटीत बसून निघावे, किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडावे, मनाला येईल तेथे थांबावे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे, अशा खासगी जलसफरीला केवळ पाणी आणि सवड असून भागत नाही. त्यासाठी वारा, भरती-ओहोटी आणि खलाशांचा ताफा या तिन्हींवर अवलंबून नसलेली बोट लागते. शिडाच्या होडीला परतीची वेळ आपल्या मर्जीने ठरवता येत नाही, वल्ह्यांच्या होडीचा पल्ला माणसांच्या दमावर ठरतो आणि वाफेवर चालणाऱ्या छोट्या आगबोटीला बॉयलर, कोळसा, पाणी व वाफ तयार होईपर्यंतचा खोळंबा अपरिहार्य असतो. शिवाय बॉयलर फुटण्याचा धोका असल्याने त्याच्यापाशी जाणकार माणूस सतत लागतो, आणि त्यामुळे वाफेची खासगी नौका ही एकोणिसाव्या शतकात श्रीमंतांपुरतीच राहिली. या अडचणींतून वाट काढणारे इंजिन ज्या पाण्यावर प्रथम यशस्वीपणे चालले ते पाणी समुद्राचे नव्हते. दक्षिण जर्मनीत, कोणत्याही समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, आजच्या स्टुटगार्ट शहराच्या हद्दीतून वाहणाऱ्या नेकार नदीवर १८८६ च्या ऑगस्टमध्ये हा प्रयोग झाला. मात्र ज्या नदीवर मोटारबोट जन्मली त्या नदीवर मोटारबोटीतून दूरवर हिंडणे पुढची सुमारे सात दशके शक्य नव्हते, आणि स्टुटगार्टच्या जलविहाराचा इतिहास समजून घ्यायचा तर या विसंगतीपासूनच सुरुवात करावी लागते.

स्टुटगार्ट हे मुळात नदीकाठचे शहर नव्हे. नेझनबाख नावाच्या लहानशा ओढ्याच्या खोलगट खोऱ्यात, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांनी वेढलेले हे वुर्टेंबर्गच्या राजघराण्याचे नगर नेकारपासून थोडे बाजूला वसले. नदीकाठी होते ते कानस्टाट, म्हणजे खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले एक वेगळे गाव, जे १९०५ मध्ये स्टुटगार्टमध्ये विलीन झाले. नदीवर राज्यकर्त्यांचे लक्ष होते, परंतु ते व्यापारापोटी होते. ड्यूक एबरहार्ड लुडविग याने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नेकार कानस्टाटपर्यंत नौकानयनास योग्य करवून घेतली, तरी तिथून ऱ्हाईनपर्यंत सलग जाता येत नसे, कारण वाटेतील हाइलब्रॉन या नगराला सम्राट लुडविग याने १३३३ मध्ये नदीचा प्रवाह हवा तसा वळवण्याची सनद दिली होती आणि त्या सनदेच्या आधारे नगराने पाणचक्क्यांसाठी बांधलेल्या बंधाऱ्यांनी नदी अडवून धरली होती. माल हाइलब्रॉनला उतरवायचा आणि पलीकडे दुसऱ्या बोटीत चढवायचा, यात त्या नगराचा फायदा उघड होता. ही कोंडी १८२१ मध्ये खुल्या झालेल्या विल्हेल्म कालव्याने फुटली.

कोंडी फुटली खरी, पण उशिरा. हाइलब्रॉनहून खालच्या अंगाला १८४१ मध्ये आगबोटी सुरू झाल्या, आणि अवघ्या चार वर्षांनी, १८४५ मध्ये, वुर्टेंबर्गमधील पहिली आगगाडी नेमकी कानस्टाट आणि उंटरट्युर्कहाइम या नेकारकाठच्या दोन गावांदरम्यान धावली. रेल्वेने नदीचा व्यापार ओढून घेतला. त्यावर उपाय म्हणून १८७८ पासून ऱ्हाईनकाठचे मानहाइम ते हाइलब्रॉन या टप्प्यात नदीच्या तळाशी लोखंडी साखळी टाकण्यात आली, आणि वाफेच्या इंजिनाने ती साखळी ओढत पुढे सरकणाऱ्या बोटी मालवाहू पडावांची माळ प्रवाहाविरुद्ध नेऊ लागल्या. भोंग्याच्या कर्कश आवाजामुळे लोकांनी या बोटींना ‘नेकारचे गाढव’ असे नाव दिले. कानस्टाटच्या आसपास मात्र उथळ पात्र, गिरण्यांचे बंधारे आणि ब्लॅक फॉरेस्टमधून येणारे लाकडाचे तराफे एवढाच नदीचा व्यवहार उरला होता, आणि तराफेही शतकाच्या अखेरीस दिसेनासे झाले.

अशा निरुद्योगी होत चाललेल्या नदीच्या काठी गोटलीप डाइमलर याने १८८२ मध्ये घर घेतले. कोलोनजवळच्या डॉइट्स येथील इंजिन कारखान्याची नोकरी सोडून आलेला हा अभियंता आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनी घराच्या बागेतील काचघराला विटांची खोली जोडून तेथे कार्यशाळा थाटली. तेथील कामाविषयी इतकी गुप्तता पाळली जात असे की आत खोटी नाणी पाडली जात असावीत या संशयावरून पोलिसांनी झडती घेतल्याची हकीकत त्याच्या चरित्रांतून सांगितली जाते. तेथे चालले होते ते निराळेच काम. त्या काळची वायूवर चालणारी इंजिने मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे घेत, अवजड असत आणि एका जागी पक्की बसवावी लागत. डाइमलर व मायबाख यांनी तापलेल्या नळीने इंधन पेटवण्याची पद्धत वापरून फेऱ्यांचा वेग सहाशेपर्यंत नेला आणि त्यामुळे तेवढ्याच शक्तीचे इंजिन पुष्कळ लहान व हलके करता आले. १८८५ मध्ये तयार झालेल्या या उभट इंजिनाला त्याच्या आकारावरून लंबकाचे घड्याळ असे म्हणत. ते आधी लाकडी दुचाकीवर, पुढे घोडागाडीवर आणि त्याच सुमारास बोटीवर बसवण्यात आले.

बोटीचे महत्त्व वाहनांच्या इतिहासात सहसा दुय्यम मानले जाते, आणि तो अन्याय आहे. घोडागाडीवर इंजिन बसवले तर रस्ते, चाके, सुकाणूची रचना, दिशा बदलताना चाकांचा वेगवेगळा वेग, असे कितीतरी प्रश्न एकदम उभे राहतात. बोटीत मात्र इंजिन, एक दांडा आणि मागे पंखा एवढ्यावर काम भागते आणि इंजिन थंड ठेवण्यासाठी पाणी तर भोवताली असतेच. साडेचार मीटर लांबीच्या आणि नदीचेच नाव दिलेल्या ‘नेकार’ या बोटीने ताशी सुमारे अकरा किलोमीटरचा वेग गाठला, आणि इंजिनाने बोटीचा पंखा फिरवण्याच्या या रचनेचे एकाधिकारपत्र त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये नोंदवले गेले. पॅरिसमध्ये एत्येन लन्वार याने १८६० च्या दशकात वायूच्या इंजिनावर बोट चालवण्याचा प्रयत्न केलेला असल्याने कानस्टाटची बोट ही या जातीची अगदी पहिली असे म्हणता येत नाही. परंतु विकता येण्याजोगी, सामान्य माणसाला हाताळता येण्याजोगी बोट येथेच सिद्ध झाली, हे निर्विवाद आहे. पुढील काही वर्षे डाइमलरच्या धंद्याला मोटारगाडीने नव्हे, तर बोटीच्या इंजिनांनी हात दिला. पुढे डाइमलरच्याच कंपनीचे चिन्ह ठरलेल्या मर्सिडीझच्या तीन टोकांच्या ताऱ्याचा अर्थ जमीन, पाणी आणि आकाश असा लावला जातो. त्यातील पाण्याचे टोक नुसते शोभेचे नाही.

ग्राहकांची मुख्य शंका स्फोटाची होती. पेट्रोलासारखे ज्वालाग्राही द्रव त्या काळी औषधविक्रेत्यांकडे डाग काढण्यासाठी मिळे, आणि ते बोटीत बाळगून पाण्यात जायचे ही कल्पना लोकांना भयंकर वाटे. तेव्हा डाइमलरने बोटीच्या कडेने तारा ताणून त्यांना चिनी मातीचे विद्युतरोधक लावले आणि बोट विजेवर चालते असा समज होऊ दिला, असे सांगितले जाते. ही युक्ती खरी मानली तर तिच्यातून बाजारपेठेचे स्वरूप कळते: १८८० च्या दशकातील श्रीमंत गिऱ्हाइकाला वीज ही आधुनिक आणि स्वच्छ वाटत होती, तर खनिज तेलाची भीती वाटत होती.

या बोटींना गिऱ्हाईक मिळाले ते कानस्टाटबाहेर. १८८८ मध्ये ‘मारी’ नावाची बोट चॅन्सेलर बिस्मार्कसाठी बनवण्यात आली; १८८९ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात डाइमलरच्या बोटी सेन नदीवर फिरल्या; न्यूयॉर्कमधील पियानो उत्पादक विल्यम स्टाइनवे याने अमेरिकेतील हक्क घेतले; आणि हँबर्गमध्ये वाढलेला इंग्रज व्यावसायिक फ्रेडरिक सिम्स याने ब्रिटनसाठीचे हक्क मिळवून १८९३ मध्ये कंपनी काढली व लंडनमध्ये पटनी पुलाजवळ रेल्वेच्या कमानीखाली लाँचेसना ही इंजिने बसवण्याचे काम सुरू केले. थेम्सच्या संथ, खोल आणि जलपाशांनी, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदांनी, बांधलेल्या पात्रात खासगी लाँच बाळगण्याची हौस आधीपासूनच मुरलेली होती. तेथे इंजिनाने केवळ बॉयलरची जागा घेतली. अरबी समुद्राच्या काठी चित्र वेगळे होते. मुंबई आणि कोकण यांमधील आगबोटींची वाहतूक ही मुख्यतः गरजेची वाहतूक होती, चाकरमान्याला गावी नेणारी आणि रस्ता नसलेल्या बंदरांना जोडणारी, आणि मजेसाठी यांत्रिक बोट भाड्याने घेणे ही तेथे बरीच नंतरची गोष्ट ठरली.

मग स्टुटगार्टच्या रहिवाशाला किनारा पाहायचा असेल तर तो कोठे जाई? त्याचे उत्तर बोडनझे हे सरोवर होय. सुमारे ५३६ चौरस किलोमीटर पसरलेल्या, जर्मनी, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया या तीन देशांच्या किनाऱ्यांनी वेढलेल्या या जलाशयाला ‘स्वाबियाचा समुद्र’ असे म्हणतात. स्वाबिया म्हणजे स्टुटगार्टच्या भोवतालचा, बोलीने आणि काटकसरीच्या ख्यातीने ओळखला जाणारा प्रदेश. या सरोवरावर १८२४ मध्ये आगबोटी आल्या, आणि त्या उद्योगात स्टुटगार्टचे प्रकाशक योहान फ्रीडरिख कोटा यांचा हात होता, हा तपशील ग्रंथप्रेमी वाचकाला मौजेचा वाटेल, कारण गटे आणि शिलर यांची पुस्तके छापणारे तेच हे कोटा. १८५० मध्ये उल्म ते फ्रीडरिखस्हाफेन हा लोहमार्ग पूर्ण झाल्यावर राजधानीतून सरोवरापर्यंत आगगाडीने जाता येऊ लागले. पुढे वुर्टेंबर्गच्या राज्य रेल्वेने सरोवरावर स्वतःच्या आगबोटी चालवल्या. त्यांतील १९१३ ची ‘होहेनट्वील’ ही चाकांची आगबोट राजाच्या जलविहारासाठीही वापरली जाई, १९६२ पर्यंत ती चालली आणि दुरुस्त होऊन १९९० पासून पुन्हा फिरू लागली. म्हणजे स्टुटगार्टकराची किनारसफर ही दीर्घकाळ वेळापत्रकाची सफर होती: गाडी अमुक वाजता, आगबोट तमुक वाजता, आणि परतीची गाडी चुकली तर मुक्काम. खासगी बोटीचे स्वातंत्र्य त्या प्रवासात नव्हते.

नेकारचे रूप पालटले ते विसाव्या शतकात, आणि तेही सहलींसाठी नव्हे. १९२१ मध्ये नेकार कंपनीची स्थापना झाली. मोठे मालवाहू पडाव ऱ्हाईनवरून वर आणायचे आणि बंधाऱ्यांवर वीज निर्माण करून त्या उत्पन्नातून खर्च भागवायचा, अशी ती योजना होती. अभियंता ओटो कोंत्स यांच्या नेतृत्वाखाली काम चालले आणि अनेक बंधाऱ्यांचे रूप वास्तुविशारद पाउल बोनाट्स यांनी ठरवले. स्टुटगार्टचे मुख्य रेल्वे स्थानक उभारणारे तेच. १९३५ मध्ये हा जलमार्ग हाइलब्रॉनपर्यंत पोहोचला, युद्धाने काम रेंगाळले, ३१ मार्च १९५८ रोजी स्टुटगार्टचे बंदर राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांच्या हस्ते खुले झाले आणि १९६८ मध्ये प्लोखिंगेनपर्यंतचा शेवटचा टप्पा पूर्ण झाला. मानहाइमपासून सुमारे दोनशे किलोमीटरच्या या मार्गावर २७ जलपाश आहेत. जलपाश म्हणजे दोन्ही बाजूंना दरवाजे असलेली लांबट हौदासारखी कोठी. बोट आत घेऊन दरवाजे लावले की पाणी भरून किंवा सोडून तिला वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेता येते. या पायऱ्यांमुळे पूर्वीची खळाळती, उथळ नेकार संथ व खोल जलाशयांची माळ बनली, आणि मगच कानस्टाटच्या पाण्यावर सुखाने जलविहार करणे शक्य झाले.

विल्हेल्मा हे राजा विल्हेल्म याने मूर शैलीत बांधवलेले आणि आता प्राणी व वनस्पती उद्यान बनलेले स्थळ ज्या काठाला आहे, तेथील धक्क्यावरून युद्धोत्तर काळात प्रवासी बोटी सुटू लागल्या. बेर्टा एप्ले यांच्या नावाने चालणारी कंपनी अनेक वर्षे या व्यवसायाची ओळख होती, आणि पुढे तोच व्यवसाय नेकार-केप्टन या नावाने ओळखला जाऊ लागला. खाली मारबाखच्या, म्हणजे शिलरच्या जन्मगावाच्या, दिशेने जाताना दगडी बांधांवरचे द्राक्षमळे नदीवर झुकलेले दिसतात आणि हेसिगहाइमजवळ चुनखडीचे उंच सुळके लागतात. मात्र शहराच्या हद्दीत वीजनिर्मिती केंद्रे, गोदामे आणि महामार्ग यांनी काठ व्यापलेला आहे, हे पाहताना सुंदर किनाऱ्याची अपेक्षा थोडी आवरती घ्यावी लागते. खासगी बोटीसाठी जर्मनीतील अंतर्गत जलमार्गांवर २०१२ पासून पंधरा अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाला सामान्यतः परवाना लागत नाही; पूर्वी ही मर्यादा पाच अश्वशक्तीची होती, आणि या बदलामुळे हौशी माणसाचा मार्ग बराच मोकळा झाला.

बोडनझेवर नियम अधिक कडक आहेत, आणि त्यामागचे एक कारण पुन्हा स्टुटगार्टकडेच येते. १९५८ मध्येच, म्हणजे बंदर खुले झाले त्याच वर्षी, सिप्लिंगेन येथून सरोवराचे पाणी नळांनी उत्तरेकडे आणले जाऊ लागले आणि आज स्टुटगार्टसह सुमारे चाळीस लाख लोक ते पितात. परिणामी सरोवरावर साधारण सहा अश्वशक्तीच्या पुढच्या मोटारबोटीला तेथील स्वतंत्र परवाना लागतो, आणि १९९० च्या दशकापासून बोटींच्या इंजिनांच्या धुरावर विशेष मर्यादा आहेत.

नेकारवर अशी कडक बंधने नाहीत, पण तेथे खासगी बोटीला दुसरी शिस्त पाळावी लागते. जलपाशाशी मालवाहू जहाजांना प्राधान्य असते, हौशी बोटींनी थांबायचे असते, आणि मोठे जहाज आत जाऊन जागा उरली तर मागून शिरायचे असते. १९६८ पासून स्टुटगार्टची भगिनी नगरी असलेल्या मुंबईतून गेटवेसमोरच्या खुल्या पाण्यावर फिरण्याची सवय घेऊन कोणी तेथे गेलाच, तर दिवसभराच्या सफरीतला बराचसा वेळ जलपाशाचे दरवाजे उघडण्याची वाट पाहण्यात जाणार, हे धरूनच त्याला निघावे लागते.