डोकं कुणाचं, धडक कुणाची

१८९२ चा नोव्हेंबर. अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड गाव. हार्वर्ड आणि येल या दोन विद्यापीठांचा फूटबॉल सामना. आपला फूटबॉल नाही, अमेरिकन फूटबॉल. अंड्यासारखा चेंडू काखेत धरून पळायचा आणि समोरच्यांनी त्याला आडवं करायचं, तो.

दुसरा हाफ सुरू झाला आणि हार्वर्डच्या पोरांनी भलतंच काहीतरी केलं. दोन गट करून ते बरंच मागे गेले, तिथून जोरात पळत आले, मध्ये एकमेकांना मिळाले आणि त्यांची बाणाच्या टोकासारखी रचना झाली. चेंडूवाला गडी त्या टोकाच्या आत लपला. आणि तो सगळा लोंढा येलच्या पोरांवर जाऊन आदळला. या प्रकाराला नाव पडलं ‘फ्लाइंग वेज’, म्हणजे उडती पाचर.

सामना येलनेच ६-० असा जिंकला. पण पुढच्या हंगामात जो तो आपापली पाचर घेऊन मैदानात उतरला. ही युक्ती काढली लोरिन डीलंड नावाच्या बोस्टनच्या एका व्यावसायिकाने. माणूस बुद्धिबळाचा शौकीन, नेपोलियनच्या लढायांचा अभ्यासक. स्वतः मात्र फूटबॉल कधीच खेळला नव्हता.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आजची पोस्ट त्याच्याबद्दलच आहे.

आधी खेळ थोडा समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. एका बाजूला अकरा जण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर आणखी चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे थांबतो तसा. त्या थांबलेल्या वेळात पुढची चाल ठरते. क्वार्टरबॅक हा मधला सूत्रधार. तो चेंडू फेकतो किंवा मागच्या रनिंग बॅकच्या हातात देतो. आणि सगळ्यांच्या पुढे पाच धिप्पाड गडी ओणवे होऊन उभे असतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. हे पाच जण शक्यतो चेंडूला हात लावत नाहीत (सेंटर चेंडू मागे देतो, तेवढाच). त्यांचं काम एकच. समोरच्याला अंगाने रेटून बाजूला करायचं आणि पळणाऱ्याला वाट करून द्यायची. यालाच ब्लॉकिंग म्हणतात. स्कोअरबोर्डवर त्यांचं नाव कधी येत नाही.

धावत येऊन आदळणाऱ्या पाचरीवर १८९४ मध्ये बंधनं आली. पण माणसं मरायची थांबली नाहीत. १९०५ च्या एका हंगामात शिकागोच्या ट्रिब्यूनने अठरा मृत्यू मोजले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बड्या विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावलं. त्यांचा मुलगाही तेव्हा हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात होता. १९०६ मध्ये नियम बदलले, चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, दोन रांगांमध्ये थोडी मोकळी जागा ठेवायची ठरलं. खेळ वाचला.

आता मुद्द्याचं. त्या काळात एक नियम होता जो आज सांगितला तर अमेरिकन पोरांनाही खरा वाटणार नाही. कोचने बाहेरून चाल सांगायची नाही! मैदानात जे काही ठरवायचं ते खेळणाऱ्यांनी. एनएफएल या व्यावसायिक लीगने बाहेरून सूचना द्यायला मोकळीक दिली ती १९४४ साली. १९५० मध्ये खेळाडू हवे तेव्हा बदलायची कायमची मुभा मिळाली, आणि इथेच क्लीव्हलंडचा कोच पॉल ब्राउन याने संधी साधली. त्याने दोन गार्ड आलटूनपालटून आत-बाहेर पाठवायला सुरुवात केली. एक जण बाहेर आला की ब्राउन दुसऱ्याच्या कानात चाल सांगायचा, तो पळत जाऊन क्वार्टरबॅकला सांगायचा. निरोप्या गार्ड! १९५६ मध्ये ब्राउनने क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये चक्क रेडिओ बसवला. लीगने त्याच हंगामात त्यावर बंदी घातली. अडतीस वर्षांनी, १९९४ मध्ये, तोच रेडिओ अधिकृतपणे आला.

त्या निरोप्या गार्डांपैकी एकाचं नाव चक नोल. त्याच्याकडे परत येऊ.

साठच्या दशकात सगळे व्हिन्स लोम्बार्डीचं नाव घ्यायचे. ग्रीन बे पॅकर्सचा हा कोच. त्याची सगळ्यात गाजलेली चाल म्हणजे स्वीप. दोन्ही गार्ड आपली जागा सोडायचे, रांगेच्या मागून आडवे पळायचे आणि कडेला पोचले की वळून पुढच्याला उडवायचे. रनिंग बॅक त्यांच्या मागे. अमुक फटीतूनच घूस असं लोम्बार्डी पळणाऱ्याला सांगत नव्हता. पुढच्या ब्लॉकरने माणूस बाहेर ढकलला तर तू आत शीर, आत दाबला तर बाहेरून जा. उजेड दिसेल तिकडे. चाल कोचची, पण शेवटचं पाऊल खेळाडूचं.

आणि चाल पुकारायचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार. ३१ डिसेंबर १९६७, डॅलसविरुद्धचा अंतिम सामना. उणे पंचवीस सेल्सियसच्या आसपास थंडी, मैदानाचा बर्फ झालेला. पॅकर्स १४-१७ ने मागे, सोळा सेकंद शिल्लक, गोलरेषा दोन-अडीच फुटांवर. आधीच्या प्रयत्नांत पळणारा घसरला होता. स्टारने गार्ड जेरी क्रेमरला विचारलं, पाय रोवता येतील का? मग बाजूला जाऊन लोम्बार्डीला सांगितलं, मागचे घसरतायत, मीच घुसतो. परत येऊन त्याने जी चाल पुकारली तिचं नाव होतं ‘३१ वेज’. हो, तीच पाचर! चेंडू फुलबॅकला मिळणार असं बाकीच्यांना वाटत होतं. स्टारने तो दिलाच नाही. क्रेमर आणि सेंटर केन बोमन या दोघांनी मिळून समोरच्या जेथ्रो पू याला उचकटलं, आणि त्या फटीतून स्टार आत पडला. २१-१७. विचारलं कुणाला, तर ज्याचे पाय बर्फावर होते त्याला. मला या सगळ्या इतिहासातला हा क्षण सगळ्यात जास्त आवडतो.

पण हे चित्र जितकं गोड वाटतं तितकं नव्हतं. मैदानात डोकं चालवायचा हक्क सगळ्यांना नव्हता. क्वार्टरबॅक, सेंटर, गार्ड या ‘विचार करायच्या’ जागा गोऱ्यांच्या. कृष्णवर्णीय पोरांनी पळायचं, झेलायचं, अडवायचं. १९७० मध्ये लॉय आणि मॅकेल्व्होग या दोन अभ्यासकांनी हे आकड्यांनिशी मांडलं. मार्लिन ब्रिस्को १९६८ मध्ये डेन्व्हरचा क्वार्टरबॅक झाला, पहिल्याच हंगामात चौदा टचडाउन पास दिले. पुढच्या वर्षी त्याला त्या जागेसाठी संधीच दिली नाही. तो बफेलोला गेला आणि चेंडू झेलणारा झाला.

(ही विभागणी आपणही कुठेतरी पाहिलीय असं वाटतंय का? मलाही वाटतंय. पण ती वेगळी पोस्ट.)

डग विल्यम्स सुपर बोल खेळणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला, तो थेट ३१ जानेवारी १९८८ ला. वॉशिंग्टनने डेन्व्हरचा ४२-१० असा धुव्वा उडवला. एका क्वार्टरमध्ये विल्यम्सचे चार टचडाउन पास. त्याच दिवशी टिमी स्मिथ नावाचा नवखा पोरगा २०४ यार्ड पळाला, हा सुपर बोलचा विक्रम. त्याच्या पुढे काउंटर नावाची चाल चालली होती. सगळे एका बाजूला निघाल्यासारखं दाखवायचं आणि मागच्या बाजूचा गार्ड-टॅकल दोघांनी उलट दिशेने पळत येऊन वाट उघडायची. स्मिथचं नाव त्यानंतर फारसं कुणी ऐकलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. कृष्णवर्णीय खेळाडूला ती सूत्रधाराची जागा मिळेपर्यंत सूत्रं बहुतेक संघांत मैदानाबाहेर गेली होती. चाल आता कोच पुकारत होते.

नव्वदच्या दशकात डेन्व्हरला अ‍ॅलेक्स गिब्स हा लाइनचा कोच आला आणि त्याने झोन ब्लॉकिंगचा धडाका लावला. पूर्वी कसं, तुझा माणूस हा, त्याला ढकल. झोनमध्ये तसं नाही. पाचही जण एकाच दिशेला, एकाच लयीत पाऊल टाकतात. तुझ्या पट्ट्यात जो येईल तो तुझा. शेजारचे दोघे मिळून आधी एकाला रेटतात, तो हलला की एक जण त्याला सोडून मागच्या लाइनबॅकरवर जातो. कोणी सोडायचं हे त्या क्षणी, खांद्याला खांदा लावून ठरतं. पळणाऱ्याने आधी कडेकडे जायचं, फट दिसली की एकदाच पाय रोवून वळायचं आणि सुटायचं. नाचकाम नाही.

टेरेल डेव्हिस, सहाव्या फेरीत निवडलेला, १९९८ मध्ये २,००८ यार्ड पळाला. पुढच्या वर्षी त्याचा गुडघा गेला. त्याच्या जागी ओलँडिस गॅरी आला, १,१५९ यार्ड. त्याच्या पुढच्या वर्षी माइक अँडरसन, तोही सहाव्या फेरीतला, १,४८७ यार्ड. मालकांनी यातून काय धडा घेतला? की पळणारा कोणीही चालतो. गंमत बघा, झोन ब्लॉकिंगने निर्णय खरं तर खेळाडूंच्याच हातात दिला होता, आणि त्यानेच पळणाऱ्याची किंमत उतरवली. २०२३ मध्ये संघाने खेळाडूला एक वर्ष अडवून ठेवायचं ठरवलं तर क्वार्टरबॅकला तीन कोटी चोवीस लाख डॉलर द्यावे लागत, रनिंग बॅकला एक कोटीच्या जरासे वर. त्या जुलैत रनिंग बॅक मंडळींनी झूमवर बैठक घेतली. फारसं काही हाती लागलं नाही. एक कोटी डॉलर मिळणाऱ्याचं कसलं दुःख, असं कोणी म्हणेल. पण या माणसाची कारकीर्द बहुधा तिशीच्या आतच आटोपते, हेही धरा. (सॅक्वॉन बार्कली त्याच अडवलेल्यांपैकी. तो २०२४ मध्ये फिलाडेल्फियाच्या भक्कम लाइनमागे गेला आणि २,००५ यार्ड पळाला. म्हणजे श्रेय कुणाचं, हा वाद अजून मिटलेला नाही.)

आता चक नोल. हा निरोप्या गार्ड १९६९ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचा कोच झाला आणि चार सुपर बोल जिंकला. आणि चाली पुकारायचं काम त्याने क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉवर सोपवलं. दुसऱ्याचं डोकं वाहून नेणं काय असतं हे त्याला माहीत होतं म्हणून असेल. त्याच्या लाइनची खासियत ट्रॅप. समोरच्या एकाला मुद्दाम मोकळं सोडायचं, तो खुशीत आत घुसतो, आणि बाजूने आलेला गार्ड त्याला झोपवतो. त्या लाइनचा सेंटर माइक वेब्स्टर. सेंटर म्हणजे पाच जणांतला मेंदू. समोरची मांडणी वाचून कोण कुणाला अडवणार हे तोच ओरडून सांगतो. आणि चेंडू मागे दिला की पुढच्या क्षणाला त्याच्याच डोक्यावर धडक.

वेब्स्टर सतरा हंगाम खेळला. नंतर त्याचं सगळं विस्कटलं. विसरायचा, स्वतःच्या ट्रकमध्ये झोपायचा. खेळातल्या मारामुळेच तो कायमचा अपंग झाला, हे निवृत्तिवेतन बोर्डाने १९९९ मध्ये मान्य केलं होतं. तरी लीग जाहीरपणे संबंध नाकारत राहिली. २००२ मध्ये, पन्नाशीत, तो गेला. पिट्सबर्गमधले नायजेरियात जन्मलेले डॉक्टर बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला. वरून अगदी ठीक दिसत होता. पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर खरं नुकसान दिसलं. २००५ मध्ये त्यांचा लेख आला, तेव्हा लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यायची मागणी केली. लेख मागे घेतला गेला नाही.

साडेचार हजारांहून जास्त माजी खेळाडू कोर्टात गेले. २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरची तडजोड ठरली, पुढे कोर्टाने रक्कम अपुरी पडेल म्हणून हरकत घेतली आणि ती मर्यादा निघाली. सगळं सुटलं असं वाटलं. मग २०२० मध्ये स्टीलर्सकडून खेळलेले केव्हिन हेन्री आणि नाजेह डेव्हनपोर्ट यांनी नवा दावा लावला. स्मृतिभ्रंशाची भरपाई द्यायची तर आधी बुद्धी किती होती आणि किती घटली हे मोजायला हवं. आणि मोजताना कृष्णवर्णीय खेळाडूची बुद्धी मुळातच कमी होती असं धरलं जात होतं. म्हणजे तेवढीच घट, पण गोऱ्याला पैसे, काळ्याला नाही. लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय. जून २०२१ मध्ये ही पद्धत बंद करायचं लीगने कबूल केलं.

२०२२ मध्ये ६४६ कृष्णवर्णीय खेळाडूंच्या चाचण्या नव्याने तपासल्या गेल्याची बातमी आली. त्यातले ६१ जण, जे आधी भरपाईत बसत नव्हते, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण ठरले.