वसईच्या घंटा आणि बालपरवेशी

भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनजवळच्या चौक गावी धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. वसईच्या खाडीच्या दक्षिण तोंडावरचे हे ठाणे पोर्तुगीजांकडे असेपर्यंत वसईची कोंडी पुरी होणार नव्हती. चिमाजीअप्पांच्या फौजेने ते मार्च १७३९मध्ये घेतले आणि मे महिन्यात वसई पडली. सुरुंग, खिंडारे आणि तोफांच्या माऱ्यात मराठ्यांचीही हजारो माणसे कामी आली. खुद्द अप्पा दीड वर्षातच, डिसेंबर १७४०मध्ये, आजारपणात वारले.

मोहिमेहून परतणाऱ्यांबरोबर चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर आणि वाईजवळची मेणवली येथे त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल कोरलेले आहे. या घंटा पाहायला आपण वाट वाकडी करतो. ज्या घरी घंटेबरोबर माणूस आला नाही, त्या घराची चौकशी क्वचितच करतो. मराठी राज्याने ती केली होती. तिची खूण बखरींच्या वीररसात नव्हे, दफ्तरातल्या रुक्ष नोंदींत सापडते. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांच्या निर्वाहासाठी राज्य जी नेमणूक करून देई, तिला ‘बालपरवेशी’ म्हणत. वसईचा इतिहास वाचताना घंटेवरच्या सालाइतकाच हा शब्दही ध्यानात ठेवायला हवा.