खडे, चुंबक आणि मुळशीचे पाणी

आपल्याकडील खेळांचा इतिहास बहुधा पटांचा इतिहास असतो. बुद्धिबळ आणि सारीपाट राजवाड्यांत खेळले गेले, म्हणून चित्रांत, पोथ्यांत, देवळांच्या फरशीवर कोरलेल्या घरांत त्यांची आठवण राहिली. सागरगोट्यांचे नशीब तसे नाही. काटेरी वेलीचे राखी बी, पोरीबाळींची मूठ आणि सारवलेली जमीन, एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या खेळाची बखर कोण लिहिणार? एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईतो जमिनीवरचा दुसरा उचलायचा आणि त्याच हाताने वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन, मग चार. खरी कसोटी झेलण्यात नसते, उचलण्यात असते. शेजारच्या गोट्याला बोट लागले की डाव गेला!

ग्रीक आणि रोमन बायका मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी असेच खेळत. इटलीतील हर्क्युलेनियमच्या अवशेषांत सापडलेल्या एका संगमरवरी फलकावर गुडघे टेकून हाडे खेळणाऱ्या दोघी रेखाटल्या आहेत आणि चित्रकाराने आपले नावही लिहून ठेवले आहे : अथेन्सचा अलेक्झांडर. मावळातल्या ओसरीला असा अलेक्झांडर भेटला नाही.

हे सारे मनात आले ते एका नव्या खेळामुळे. पुण्याच्या पाहुण्यांनी आणलेला 'क्लस्टर' नावाचा हा खेळ आमच्या शाळेतल्या पोरांनी डोक्यावर घेतला आहे. काळे, गुळगुळीत, अंडाकार असे चोवीस खडे आणि एक दोरी. दोरीचे कडे टेबलावर पसरायचे, खडे सारखे वाटून घ्यायचे आणि पाळीपाळीने एकेक खडा कड्याच्या आत ठेवायचा. प्रत्येक खडा चुंबक आहे, गोम एवढीच! ठेवता ठेवता खडे एकमेकांना चिकटले, तर चिकटलेले सगळे ठेवणाराने आपल्या हाती घ्यायचे. ज्याचे खडे आधी संपतील तो जिंकला. सागरगोट्यांत शेजाऱ्याला धक्का लावायचा नाही. इथे शेजारीच उडी मारून अंगावर येतो.

पोरांचे पाहून मी दोन गोष्टी शिकलो. खडा ढकलला जातो आहे असे बोटांना वाटले, तर निर्धास्त होऊ नये, कारण ढकललेला खडा गर्रकन फिरतो, त्याचे दुसरे टोक पुढे येते आणि चटकन चिकटतो. आणि हात वरून सावकाश उतरवावा. बाजूने सरकवीत नेला, तर वाटेतले सगळे जागे होतात. (घरात तान्हे मूल असेल तर हे खडे वर ठेवावेत. दोन चुंबक पोटात गेले तर आतडे मध्ये चिमटून जिवावर बेतते.)

असा खेळ पूर्वी का निघाला नाही? चुंबक काही नवा नव्हे. उमेने शिवाचे मन ओढावे ते अयस्कांताने लोखंड ओढावे तसे, ही उपमा कालिदासाने 'कुमारसंभवा'त दिलीच आहे. परंतु पोलादी चुंबक आखूड केला की त्याचे बळ लवकर ओसरते. म्हणून तर शाळेतला चुंबक लांब पट्टीचा नाहीतर घोड्याच्या नालासारखा असे. लोहाचा ऑक्साइड आणि बेरियम भाजून केलेले काळे चुंबक हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेने १९५०च्या सुमारास पुढे आणले, तेव्हा आखूड, चपटा आणि स्वस्त चुंबक शक्य झाला.

मुळशीला मात्र चुंबकाची ओळख त्याहून आधी झाली, आणि ती खेळातून नव्हे. टाटांच्या कंपनीने येथे धरण घातले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले. सेनापती बापटांनी तुरुंग पत्करला, बायकाही तुरुंगात गेल्या. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. १९२७ साली तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील भिरा येथे वीजघर सुरू झाले. सह्याद्रीवरून खाली सोडलेल्या पाण्याने तेथे चक्र फिरते, चक्राबरोबर प्रचंड विद्युच्चुंबक फिरतो आणि भोवतीच्या तारांच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. ती मुंबईला गेली. तो चुंबक फिरावा म्हणून आमच्या खोऱ्यातल्या ओसऱ्या, अंगणे आणि तेथली सारवलेली जमीन तळ्याखाली गेली. जमिनीची मोजणी झाली, तिच्या मोबदल्याचे आकडे सरकारी दप्तरात आहेत. त्या जमिनीवर दुपारी काय खेळले जाई, याचा रकाना कोणत्या दप्तरात असणार?

शेजारच्या आजींच्या आजीचे घर त्याच पाण्यात आहे. परवा पोरांचा डाव त्या बराच वेळ पाहत होत्या.

"गुरुजी, ह्यात झेलायचं काहीच नाही व्हय?"

"नाही आजी. नुसतं ठेवायचं."

त्यांनी एक खडा मागून घेतला. तळहातावर दोनदा उडवला, उलट्या हातावर झेलला, आणि मग दाटीत उरलेल्या बोटभर जागेत वरून अलगद उतरवला. एकही खडा हलला नाही. पोरे ओरडली, "आजी, आता तुमची पाळी पुन्हा!" त्यांनी पदर खोचला आणि टेबलाजवळ स्टूल ओढले.